धोलावीरा: मुलांबरोबर पाण्याच्या मागोमाग

गेल्या डिसेंबरात आम्ही कच्छची आठ दिवसांची सहल केली. पाच कुटुंबे, लहानमोठी आठ मुले, एक बस आणि सहल कंपनीने आखून दिलेला कार्यक्रम, असे तिचे स्वरूप होते. त्या कार्यक्रमात धोलावीरासाठी अवघा दीड तास राखून ठेवलेला होता आणि त्याच दिवशी हस्तकलेच्या खरेदीसाठी मात्र तीन तास होते. निघण्यापूर्वी मी फोन करून वेळ वाढवण्याची विनंती केली, तेव्हा ‘मुले बरोबर असली की अवशेषांच्या ठिकाणी दीड तासही जास्त होतो, तिथे पाहायला फक्त दगड आहेत,’ असे उत्तर मिळाले. मला त्या उत्तराचे वाईट वाटले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, सिंधू संस्कृतीतले एक अख्खे शहर मुलांना पायी फिरून पाहता येते, अशा जागा आपल्या देशात फार नाहीत. बाकीच्या चार घरांशी बोलले, तर सगळ्यांनी खरेदीचा थांबा सोडून द्यायला आनंदाने होकार दिला. त्यामुळे एक मुक्काम आणि पूर्ण सकाळ आमच्या हाती आली.

धोलावीरा कच्छ जिल्ह्याच्या भचाऊ तालुक्यात, मोठ्या रणातल्या खदिर बेटावर आहे. खावड्याच्या बाजूने आता जो नवा रस्ता झाला आहे, तो काही अंतर थेट रणातून जातो आणि दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत मिठाची पांढरी चादर पसरलेली दिसते. आम्ही संध्याकाळी त्या रस्त्यावर होतो. बसमधल्या मुलांना ते पाणी वाटत होते, खाली उतरल्यावर मीठ निघाले, आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाने बोट चाटून खात्री करून घेतली. मला तेव्हा ते नुसते गमतीचे वाटले होते. दुसऱ्या दिवशी मात्र त्या चवीचा फार उपयोग झाला.

मुक्काम भुंग्यात होता. भुंगा म्हणजे कच्छमधले मातीचे गोल घर, वर शंकूसारखे शाकारलेले छप्पर आणि आत भिंतींवर लिंपणकाम. २००१ च्या भूकंपात सिमेंटची कितीतरी घरे पडली आणि पारंपरिक पद्धतीने बांधलेले पुष्कळ भुंगे टिकले, हे मुलांना त्याच रात्री सांगून ठेवले होते. गोल घर हा शब्द पुढे आम्हाला पुन्हा भेटणार होता.

सकाळी साडेसातला आमचे मार्गदर्शक आले. ते त्याच गावचे होते आणि त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांनी उत्खननाच्या काळात तिथे मजुरी केलेली होती. वडीलधारे मंडळी त्यांना ‘भाई’ म्हणत होती, मुलांनी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत ‘काका’ करून टाकले. ते हिंदी बोलत, मध्येच गुजराती आणि कच्छी येई, आणि मुले सरळ मराठीत प्रश्न विचारत. कुणाचे काही अडले नाही.

मी आजवर बऱ्याच ठिकाणी मार्गदर्शक पाहिले आहेत. बहुतेक जण दारातच सनावळी सुरू करतात, मोठी माणसे मान डोलावतात आणि मुले दगड मोजायला लागतात. या गृहस्थांनी आम्हाला दाराकडे नेलेच नाही. ते आम्हाला बाहेरच्या बाजूला एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात घेऊन गेले. पात्र उथळ, त्यात गोटे, वाळू आणि चार झुडपे. त्यांनी मुलांना विचारले, ‘कालच्या रणातल्या पाण्याची चव कशी होती?’ मुले एका सुरात ‘खारट’ म्हणाली. ‘मग इथे हजारो माणसांनी राहायचे ठरवले, तर प्यायचे पाणी कुठून आणाल?’

मुलांनी बरीच उत्तरे दिली. नळाने, टँकरने, बोअर मारून, नदीतून. काकांनी प्रत्येक उत्तर गंभीरपणे ऐकून घेतले आणि प्रत्येकाला एक अडचण सांगितली. इथे बारमाही नदी नाही. जमिनीखालचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट आहे. पाऊस पुण्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो, तोही थोड्या दिवसांत पडून जातो आणि काही वर्षी पडतच नाही. शेवटी माझी नऊ वर्षांची लेक म्हणाली, ‘मग पाऊस पडेल तेव्हा सगळे पाणी धरून ठेवायचे.’ ते म्हणाले, ‘बेटा, आता चला. त्यांनी ते कसे धरले ते शोधू.’

एवढ्यावर त्या सकाळची दिशा ठरली. मुलांना पाहायला दगड दिले नव्हते, शोधायला पाणी दिले होते.

ज्या पात्रात आम्ही उभे होतो तो मनहर, शहराच्या दक्षिणेचा ओढा. उत्तरेला दुसरा, मानसर. दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहतात. प्राचीन शहर या दोन ओढ्यांच्या बेचक्यात वसवलेले आहे आणि ती जागा निवडण्यामागे हेच कारण असणार, हे नकाशा पाहिला की लहान मुलालाही कळते. ओढ्यांवर दगडी बांध घालून पावसाचे पाणी वळवायचे आणि तटाच्या आत खोदलेल्या जलाशयांमध्ये साठवायचे, अशी ती योजना होती. तटाच्या आतली जमीन एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुमारे १३ मीटरने उतरते. या उताराचा फायदा घेऊन जलाशय एकापुढे एक असे रचले होते, की वरचा भरला म्हणजे पाणी आपोआप पुढच्यात जावे.

मग आम्ही पूर्वेच्या मोठ्या जलाशयाच्या काठावर आलो आणि सगळी मुले एकदम गप्प झाली. मोठी माणसेही झाली. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि दहा मीटर खोल असा तो चौकोनी खड्डा आहे. त्याच्या भिंती घडीव दगडांच्या आहेत, कोपऱ्यातून पायऱ्यांची रांग तळाकडे उतरते आणि तळाशी खडकात कोरलेली विहीरही आहे. मोहेंजोदडोचे महास्नानगृह शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून मुलांना ठाऊक होते. ते जेमतेम १२ मीटर लांब आहे. आकडे ऐकून मुलांना काही वाटले नाही, म्हणून काकांनी थोरल्या मुलांना काठाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावले. ती परत आली तेव्हा त्यांना ७३ मीटर म्हणजे काय ते कळलेले होते.

माझ्या लेकीने तिथे जे विचारले ते मला फार महत्त्वाचे वाटते. ‘आई, हे शिवनेरीच्या टाक्यासारखे आहे ना?’ आम्ही गेल्या हिवाळ्यात शिवनेरीला गेलो होतो आणि गंगा-जमुना टाक्यांच्या थंडगार पाण्याजवळून तिचा पाय निघत नव्हता. गडावर राहायचे तर आधी पाणी हवे, म्हणून कातळात टाकी खोदायची, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळी शिकवावी लागत नाही, एवढे गड आपल्याकडे आहेत. मी तिचा प्रश्न हिंदीत सांगितला, तर काकांचा चेहरा खुलला. ‘आमच्याकडेही टांकुंच म्हणतात,’ ते म्हणाले. एका शब्दाने दोघांच्या गावांमधले अंतर मिटले. त्यानंतर सबंध सकाळ मुलांनी जलाशय हा शब्द वापरला नाही, टाकेच म्हटले.

काळाचे अंतर मुलांना कसे सांगायचे, हा माझा जुना प्रश्न आहे. ‘साडेचार हजार वर्षे’ हे शब्द सहा वर्षांच्या मुलाला ‘कालच्या आधी’ एवढेच सांगतात. त्या टाक्याच्या पायऱ्या समोर होत्या, म्हणून आम्ही एक पायरी म्हणजे शंभर वर्षे असे ठरवले आणि बोटाने मोजत खाली उतरायला लागलो. सगळ्यात वरची पायरी आजची. चौथ्या पायरीवर शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. सातव्या पायरीच्या थोडे खाली ज्ञानोबामाउली आळंदीत समाधिस्थ झाले. विसाव्या-बाविसाव्या पायरीच्या आसपास अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी कोरली जात होती. तिसाव्या पायरीला आम्ही जवळपास तळाशी पोहोचलो, तरी धोलावीराची माणसे भेटलेली नव्हती. ‘आता आणखी पंधरा पायऱ्या जमिनीच्या आत,’ मी म्हटले. मुलगा काठावर गुडघे टेकून तळाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. इजिप्तमध्ये गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहत होता तो काळही तिथेच कुठेतरी, त्या न दिसणाऱ्या पायऱ्यांवर.

दक्षिणेच्या बाजूला टाक्यांची एक रांग आहे आणि त्यातली टाकी सरळ खडकात खोदलेली आहेत. तिथे काका एवढेच म्हणाले, ‘हे का, ते संध्याकाळी सांगेन.’ मुलांनी हट्ट धरला, पण त्यांनी सांगितले नाही.

शहराचे तीन भाग आहेत. सगळ्यात उंचावर बालेकिल्ला आणि त्याला लागून दुसरे तटबंद आवार, त्याच्या उत्तरेला मधले नगर, आणि पूर्वेला खालचे नगर. बालेकिल्ला आणि मधले नगर यांच्यामध्ये एक भलेमोठे मोकळे मैदान आहे, सुमारे २८३ मीटर लांब. कडेला बसण्यासारख्या पायऱ्या आहेत, म्हणून त्याला स्टेडियम म्हणायची पद्धत पडली आहे. तिथे बाजार भरत असेल, सण होत असतील, मिरवणुका निघत असतील. मुलांनी मात्र दुसरा विचार न करता तिथे धावण्याची शर्यत लावली, आणि कडेच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ती पाहिली. मैदानाचा वापर कळायला तेवढे पुरे होते.

बालेकिल्ल्यावर मात्र आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो, कारण तिथे पाण्याचा माग अगदी हाताला लागतो. एक मोठी दगडी विहीर आहे. विहिरीच्या काठाला जो दगड आहे, त्याच्यावर दोराने पडलेल्या खाचा आहेत. काकांनी मुलांना दुरून विचारले, ‘हे कुणी कोरले असेल?’ छिन्नीने, सुरीने, असे अंदाज निघाले. तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी, ज्या सबंध सहलीत फारशा बोलल्या नव्हत्या, पुढे येऊन सांगितले, की त्यांच्या माहेरी सोलापूरकडे आडाच्या काठाला अगदी अशाच खाचा होत्या आणि त्या लहान असताना दोर त्या खाचेतच बसवून घागर ओढायच्या. ‘दोर मऊ असतो, पण रोज एकाच जागेवरून गेला की दगडाला घर करतो,’ त्या म्हणाल्या. मुले त्या दगडाकडे पाहत होती आणि मी त्या आजींच्या हातांकडे पाहत होते. त्या खाचेतून किती बायकांनी, किती वर्षे पाणी ओढले असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. राजवाडा, तट, दरवाजा हे सगळे कुणीतरी ठरवून बांधलेले असते. ती खाच कुणी ठरवून केलेली नाही. ती नुसत्या रोजच्या कामाने पडलेली आहे.

विहिरीचे पाणी दगडी पन्हळीने स्नानाच्या टाकीपर्यंत नेलेले दिसते. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारांचे जाळेही बालेकिल्ल्यावर आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा नाला मोठा माणूस उभ्याने आत चालू शकेल एवढा उंच आहे. त्याच्यावर दगडी लाद्या झाकलेल्या आहेत. हे सांडपाण्याचे गटार नसून छतांवर आणि अंगणांत पडलेले पावसाचे पाणी गोळा करून साठवणीकडे नेण्याची वाट आहे, हे कळले तेव्हा आमच्या गटातले एक गृहस्थ, जे स्वतः स्थापत्य अभियंता आहेत, तिथेच खाली बसले आणि उतार कसा दिला असेल ते मुलांना खडे मांडून दाखवू लागले. त्या वेळी मार्गदर्शक दोन झाले.

उत्तरेचा दरवाजा धोलावीराच्या सगळ्यात प्रसिद्ध शोधाची जागा आहे. दरवाजालगतच्या एका खोलीत उत्खनन करताना दहा मोठी चिन्हे सापडली. प्रत्येक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, जिप्समचे तुकडे कापून लाकडी फळीवर बसवलेले. फळी कधीतरी पडली, लाकूड कुजून गेले आणि चिन्हे मातीत जशीच्या तशी ओळीने राहिली. सबंध ओळ जवळपास तीन मीटरची आहे. सिंधू लिपी आपल्याला बहुतेक वेळा अंगठ्याएवढ्या मुद्रांवर दिसते, इथे ती वेशीवरच्या पाटीएवढी मोठी आहे. आज तिथे ती अक्षरे पाहायला मिळत नाहीत, म्हणून काकांनी स्वतःजवळचे चित्र काढून मुलांपुढे धरले. चाकासारखे एक चिन्ह त्यात चार वेळा येते, हे मुलांनी स्वतः शोधले.

‘काय लिहिले आहे?’ हा प्रश्न आलाच. ‘कुणालाच वाचता आलेले नाही,’ असे उत्तर मिळाल्यावर सात-आठ वर्षांच्या मुलांच्या तोंडावर जे उमटले, त्यासाठी मी पुन्हा एकदा एवढा प्रवास करीन. शाळेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर असते. इथे जगातल्या सगळ्या विद्वानांना न सुटलेला प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि तो एका फळीवरच्या दहा चिन्हांचा होता. एक मुलगी म्हणाली, ते शहराचे नाव असेल. दुसरा म्हणाला, ‘चप्पल बाहेर काढा’ असे असेल. काकांनी दोघांनाही ‘असू शकते’ म्हटले, आणि ते खरेच आहे.

दरवाजाजवळ दगडी खांबांचे गोल तुकडे आहेत, झिलई केलेले, हात फिरवला तर आरशासारखे गुळगुळीत लागतील असे वाटते. सिंधू संस्कृतीची बाकीची शहरे मुख्यतः विटांची आहेत, धोलावीरात मात्र दगडाचे काम मुबलक आहे. दगड इथेच सापडतो आणि तो घडवणारे हातही इथे होते.

आता त्या खापराबद्दल. मधल्या नगरातून फिरताना माझ्या मुलाने एक तुकडा उचलून खिशात टाकला. तांबूस, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, त्याच्यावर काळ्या रंगाची एक बारीक रेघ. त्याने तो मला गुपचूप दाखवला. मी रागावणार एवढ्यात काकांनी पाहिले. ते त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि तुकडा हातात घेऊन म्हणाले, ‘छान आहे. आता मला सांग, हा कुठून उचललास? अगदी नेमके.’ मुलगा गोंधळला. दोन भिंतींच्या मध्ये, इथे, नाही तिथे. काकांनी मग सांगितले, की मातीचा प्रत्येक थर म्हणजे एका पिढीचे घर असते. तुकडा त्याच्या थरात असला तर तो सांगू शकतो, की या घरात असे भांडे होते आणि ते त्या काळात होते. तोच तुकडा खिशात गेला की मुका होतो. मग दोघांनी मिळून जागा शोधली आणि मुलाने स्वतःच्या हाताने तो तिथे ठेवला. संरक्षित स्मारकातून काहीही उचलून नेणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांनी आम्हा मोठ्यांना नंतर सांगितले. मुलाला त्यांनी कायदा सांगितला नाही, कारण सांगितले.

याच ठिकाणी मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्याकडे गावोगावी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीची, टेकाडे आहेत. गोदावरी, प्रवरा, भीमेच्या काठाने ती किती तरी दिसतात आणि त्यांच्यावर नांगर फिरवला की खापरे वर येतात. धोलावीराच्या जागेलाही गावातली माणसे पूर्वापार ‘कोटडा’ म्हणत, म्हणजे तिथे जुना कोट होता याची आठवण नावातच राहिली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जगत पती जोशी तिथे पोहोचले, आणि पुढे १९९० पासून रवींद्र सिंह बिश्त यांच्या नेतृत्वाखाली अनेक हंगाम उत्खनन चालले. २०२१ च्या जुलैमध्ये युनेस्कोने धोलावीराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. आपल्याकडे प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे, जिथे उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या, वस्तीचे थर सापडले आणि १९७४ मध्ये दोन बैलांचा रथ, गेंडा, हत्ती व रेडा अशी कांस्याची चार वजनदार शिल्पे निघाली. परतीच्या गाडीत लेकीने ‘ही माणसे आपल्याकडे आली होती का?’ असे विचारले, तेव्हा मी तिला दायमाबादची गोष्ट सांगितली. आता तिला तिथे जायचे आहे.

खालच्या नगरात आम्ही फार थांबलो नाही. ऊन चढले होते आणि सावली जवळजवळ नाही. पण शहराचा शेवट मुलांना सांगायचा राहिला होता. धोलावीरा दीड हजार वर्षांच्या आसपास नांदले. त्याच्या सात अवस्था उत्खननात ओळखल्या गेल्या आहेत. पुढे ते खालावले, काही काळ ओस पडले, पुन्हा माणसे आली, पण आता ती आखीव चौकोनी घरे बांधत नव्हती. शेवटच्या वस्तीतली घरे गोल होती. हे ऐकताच सगळी मुले एकदम ओरडली, ‘भुंगा!’ काका काही म्हणाले नाहीत, नुसते हसले. रात्री ज्या घरात आपण झोपलो, त्याच घाटाचे घर शहर संपताना इथे होते, हे मुलांना कुणी समजावले नाही, त्यांनीच जोडले.

दारापाशीच संग्रहालय आहे. ते लहान आहे, पण ते शेवटी पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. आधी पाहिले तर मुलांना काचेमागच्या वस्तूच दिसतात. जागा पाहून आल्यावर शंखाच्या बांगड्या, अकीकाचे मणी, रंगवलेली भांडी यांना घरे मिळालेली असतात. गारगोटीची घनाकृती वजने पाहताना अभियंता काकांनी मुलांकडून एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे म्हणवून घेतले, कारण ती वजने तशीच दुपटीने वाढत जातात. ‘पाढ्यासारखे नाही, पण पाढाच आहे,’ असे एकाने म्हटले.

जी कुटुंबे मुलांना घेऊन जायचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी अनुभवाने सांगते. डिसेंबर किंवा जानेवारीत जा, सकाळी दार उघडताच आत शिरा, टोप्या आणि प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली घ्या, आणि त्याच गावचा मार्गदर्शक आवर्जून मागा, कारण तो ज्या ओढ्याबद्दल बोलतो त्यात तो लहानपणी खेळलेला असतो. जवळच लाकडाच्या जीवाश्मांची जागा आहे, तीही पाहण्यासारखी आहे, पण त्याच सकाळी नको. अवशेषांच्या ठिकाणी मुलांना सगळे दाखवायचा अट्टहास धरू नये. आम्ही निम्मे शहर नीट पाहिले नाही आणि त्याची मला खंत नाही. ज्या सहल कंपन्या दीड तासात अशी जागा उरकतात, त्यांनी एकदा तरी मुलांबरोबर एक सकाळ तिथे काढून पाहावी. मुलांना कंटाळा दगडांचा येत नाही. दगडांना काही विचारू दिले नाही, म्हणून येतो.

संध्याकाळी काका कबूल केल्याप्रमाणे पुन्हा आले आणि मुलांना मनहरच्या कोरड्या पात्रात, कुंपणाच्या पुष्कळ बाहेर, घेऊन गेले. तिथे त्यांनी मुलांना बांध घालायला सांगितले. आठ मुले तास-दीड तास गोटे गोळा करत होती, मोठे खाली, लहान वर, फटींत वाळू आणि माती. एका बाजूला पाणी वळवायची वाट ठेवली, तिच्या शेवटी हाताने उकरलेले टाके. मग प्रत्येकाच्या बाटलीत उरलेले पाणी एकत्र करून त्यांनी ते वरून सोडले. पाणी बांधाला अडले, वळले, वाटेने गेले आणि टाक्यात उतरले. मुलांनी आनंदाने आरडाओरडा केला. गाळ आधी खाली बसतो, हेही त्यांनी पाहिले. अंधार पडला म्हणून आम्ही परतलो.

सकाळी बस निघण्याआधी लेक मला ओढत तिथे घेऊन गेली, काकाही मागून आले. बांध जागच्या जागी होता, वाट होती, उकरलेले टाके होते. पाणी नव्हते. तिने टाक्याच्या तळाशी हात लावला, माती नुसती गार लागत होती.

‘सगळे मुरून गेले,’ ती म्हणाली.

‘म्हणून तर बेटा,’ काका म्हणाले, ‘त्यांनी खडक फोडला.’